चालता अंगारा

कैलासच्या पडवीत अख्खं वडिवळे लोटलं होतं. समोर काशाचं ताट, ताटात चिमूटभर अंगारा, आणि तो अंगारा चालत होता.

वारा नव्हता. भाताच्या वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब जाळतात, त्या राबाच्या राखेतून करणी उतरवायला बोलावलेल्या महाराजांनी तो मंतरून काढलेला. मंत्रातले निम्मे शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. राखेचं ढेकूळ थबकायचं, पुन्हा सरकायचं. महाराजांजवळच्या समईपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलेल्या शेजारच्या सरुबाईकडे.

"करणी जिनं केली तिलाच अंगारा हुडकतो. कबूल हो मावशी, पोर वाचंल," महाराज म्हणाले.

"काय कबूल करू? कैलास, पोरीला आधी कामशेतला दवाखान्यात ने रं."

"करणी उतरल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, म्हाराज म्हणत्यात," कैलास खाली बघत म्हणाला. आत त्याची लेक राजेश्वरी सकाळपासून धापा टाकत होती. ओठ निळे पडले होते.

दाराशी तळेगावचे त्र्यंबकराव उभे होते. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेले, धरणाकाठी किडे बघायला आलेले. चारचौघांत बोलायचं ते टाळायचे. तो चालणारा कण त्यांनी ओळखला होता. पण आपलं चुकत असलं तर? चष्माही जुनाच. आतली धाप मध्येच अडकली, तसे ते पुढे झाले.

"समई जरा सरुबाईंकडे ठेवतो."

"गुरुजी, तुमचं काय काम हितं?" महाराज गुरकावले.

त्र्यंबकरावांनी समई उचलून पलीकडे ठेवली. अंगारा थांबला, वळला आणि तुरुतुरु महाराजांच्या मांडीकडे निघाला.

"म्हंजी करणी तुमचीच का म्हाराज?" मागून भिमाजीआबा म्हणाले.

त्र्यंबकरावांनी ढेकूळ चिमटीत धरून तांब्यात बुडवलं. किड्यानं बोटात सोंड खुपसली. डोळ्यांत पाणी आलं, पण चिमूट सुटली नाही. राख धुऊन गेली. सहा पाय वळवळले.

"मारेकरी ढेकणाचं पिल्लू आहे. याच्या पुष्कळ जाती. काही अंगावर राख-धूळ पांघरतात, काही मारलेल्या मुंग्या पाठीवर वाहतात. लपायला. उजेड दिसला की अंधाराकडे पळतात, एवढंच." ते कैलासकडे वळले. "कैलास, किड्याची जात सांगण्यात माझी चूक होईल. त्या निळ्या ओठांबद्दल होणार नाही. तिला श्वास पुरत नाहीये."

कैलास आत धावला आणि पोरीला उचलून बाहेर आला. गावातल्या जीपमध्ये सरुबाईनंच पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"पोर जगंल ना, गुरुजी?" भिमाजीआबांनी विचारलं.

"माहीत नाही, आबा. सकाळीच नेली असती तर हे विचारावं लागलं नसतं." धूळ उडवत जीप वळणाआड गेली. "पुन्हा कुणी असं काही दाखवलं, तर आधी दिवा हलवून बघा. आणि तेही नंतर. आधी आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या."