सात टाचण्या

माणुसकीला भाषा लागत नाही. हे वाक्य मी तीन समारंभांत ठणकावून सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या आहेत. परक्या घरात, परक्या भाषेत बाथरूमचा दिवा कुठे लागतो हे विचारायची पाळी माझ्यावर आली नव्हती, एवढंच. ती माझ्या पुतणीवर आली.

तिला घरात टकळी म्हणतात. अकरावीत असताना शाळांच्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतून ती वर्षभरासाठी परदेशी निघाली, तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "चला, आता बातम्या ऐकू येतील." तिकडे मात्र टकळीचं तोंड मिटलं. तिथली भाषा तिला येत होती ती इतकीच: नमस्कार, आभारी आहे, आणि माझा साबण हरवला आहे. साबण जागच्या जागी होता. पण बोलणं सुरू करायला दुसरं काही हाताशी नसल्यामुळे तिनं तो दोनदा हरवला. ज्या घरी ती राहायची, तिथल्या काकूंनी दोन्ही वेळा मुकाट्यानं नवा दिला.

तिथले काका शिंपी होते. खाली दुकान, वर घर. शाळेतलं बोलणं डोक्यावरून सुसाट जायचं, म्हणून संध्याकाळी टकळी दुकानात बसायची. काकांच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे ते ओठ आवळून, डाव्या कोपऱ्यातून, एकेक शब्द सावकाश सोडायचे. तो तिला टिपता यायचा. काका माप सांगत, ती वहीत लिहून घेई. तीन महिन्यांत भाषा आली. फक्त ती शाळेत कुणाला कळेना. वर्गशिक्षिकेनं काळजीपोटी तिला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी दातांचं कौतुक करून परत पाठवलं.

मग योजनेच्या ऑफिसातून एक बाई येणार असल्याचं कळलं. दहा मिनिटं बोलणार. समाधान झालं नाही, तर मुलगी पुढच्या आठवड्यात माघारी. त्या दिवशी टकळी जेवली नाही. काकाही जेवले नाहीत, पण ते पोट बिघडल्याचं सांगत होते.

बाई दुकानातच आल्या. काका पुतळ्यावर कोट टाचत होते.

"काय गं, इथे कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

टकळीनं ओठ आवळले आणि डाव्या कोपऱ्यातून उत्तर दिलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"पुन्हा सांग बरं."

पुन्हा तेच.

"मला एक अक्षर कळलं नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, असं काय करता? मला तर सगळं कळतं!" काकू पुढे झाल्या.

"मलाही," काका पुतळ्यामागून बोलले. ओठ आवळून. डाव्या कोपऱ्यातून.

काकूंनी टकळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा टकळीकडे.

"अहो, आधी त्या टाचण्या काढा तोंडातल्या! पोरीला वाटतंय, इथली माणसं अशीच बोलतात! तीस वर्षं ऐकून माझेही कान तसलेच झालेत!"

काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी सात टाचण्या काढून छोट्या उशीत खोचल्या. मग उशी टकळीपुढे धरली.

"हं. आता तुझ्या."

टकळीनं ओठांतून एक नसलेली टाचणी काढली आणि खोचली. मग दुसरी. सातही झाल्यावर तिनं तोंड उघडलं आणि जे येत होतं ते सगळं सांगून टाकलं:

"सरळ उभ्या राहा, बाई. श्वास रोखू नका, खोटं माप येतं. घाबरू नका. काही चुकलं तर उसवता येतं, काका रागवत नाहीत. मला इथंच राहायचंय."

शेवटचं वाक्य दुकानात कधी कुणी बोललं नव्हतं. ते तिचं तिनं शिवलं होतं. काकू पाठ करून एका इस्त्री झालेल्या शर्टाला पुन्हा इस्त्री करू लागल्या.

बाईंनी खरोखरच रोखलेला श्वास सोडला. फॉर्मवर सही केली, घडी घातली, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. काकांचा हात नकळत टकळीच्या खांद्यावर गेला.

"एक राहिलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे माझं जाकीट काखेत दोन बोटं सैल करून मिळेल का?"