मॉर्वेना नावाच्या चौघी

मी नाव बोलतेय. वल्ह्यांनी ढकलतात ती नाव नव्हे. युद्धनौकेच्या अंगावर रंगवतात ते नाव. मॉर्वेना.

पहिल्यांदा मला ओकच्या लाकडात कोरलं. शिडांची ती नौका बंदरातच कुजली. दुसरी कोळसा खाऊन काळा धूर सोडायची; ती भंगारात गेली. तिसरी लढाईत बुडाली. दर वेळी मी सुटून धुक्यात तरंगत राहिले. जहाज नसलं की नावाला वजन नसतं. कुणी हाक मारीपर्यंत मी नुसती समुद्राची गाज ऐकत असते.

तिसरीबरोबर तोफेवरचा जोरी गेला. आता प्लिमथच्या गोदीत चौथी उभी आहे आणि तिच्या डेकवर जोरीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. आमच्या आरमारात जहाजाची घंटा उलटी करून तिच्यात पाणी भरतात. बाळाचं नाव उच्चारायचं धर्मपित्याने. तो म्हणजे जोरीचा धाकटा भाऊ डेन्झिल. जोरीच्या बायकोला, टॅम्सिनला, बाळाचं नाव जोरीच ठेवायचं होतं.

"वहिनी, ते नाव दादाचं आहे," तो चिडून म्हणाला. "दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. या जहाजालाही बुडालेलीचंच नाव चिकटवलंय निलाजऱ्यांनी!"

"बापाचं काहीतरी राहू दे रे पोराला," टॅम्सिन म्हणाली.

"मी नाही म्हणणार."

"बरं. तुझ्या तोंडून येईल ते त्याचं नाव."

"पोराला नाव देताय की जहाज विकताय?" म्हातारा खलाशी जागो मागून ओरडला. "आटपा, पाणी गार झालं!"

पाद्रीबाबांनी विचारलं, "बाळाचं नाव?"

डेन्झिलचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. असल्या शांततेत मी वर्षानुवर्षं राहिले आहे.

तेवढ्यात बाळाने पाय झाडले. घंटेतलं पाणी पाद्रीबाबांच्या झग्यावर उडालं.

"जोरी! पाय आवर!" डेन्झिल खेकसला.

आणि त्याने जीभ चावली.

"जोरी," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी बाळाच्या कपाळावर पाणी सोडलं.

टॅम्सिनला हसू आवरेना. डेन्झिलने बाळाला छातीशी धरलं. डोळे पाझरत होते, तरी तो थांबेना. "जोरी. ए जोरी. इकडे बघ, जोरी."

वाऱ्याने ते शब्द पाण्यावर नेले.

आता मी चौथीबरोबर पुन्हा समुद्रावर निघतेय. जाताना एवढंच मागते: गेलेल्यांची नावं पेटीत घालून ठेवू नका. आम्हाला हाक लागते.