भरून आलेले डबे

अश्लेषानं ते अ‍ॅप बनवायला घेतलं ते आईसाठी. हैदराबादच्या लोकांपुढे बोलताना ती ‘समुदाय’, ‘सहभाग’ असं काय काय म्हणायची, पण मी तिची आत्या आहे, तिच्या पोटातलं मला कळतं. माझे दादा, म्हणजे तिचे वडील, साखरेनं गेले. आधी डोळे गेले, मग किडन्या, मग ते स्वतः. त्यानंतर वर्ष सरायच्या आत वनमालावहिनींनाही साखर निघाली. त्या दिवशी पोरगी दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "आत्या, आईला मी अशी जाऊ देणार नाही."

तिची नोकरी हैदराबादची, पण काम घरून करता येण्यासारखं होतं. ती आदिलाबादजवळ मावल्याला आमच्याकडे राहायला आली आणि आमच्या दोघींच्या ताटावर तिचं लक्ष बसलं. ताटात कालचा भात, आंब्याचं लोणचं आणि वर तेल. दोन बायांसाठी काय रांधत बसायचं, असं वहिनींचं म्हणणं. पण पाहुणा येणार म्हटलं की याच बाईच्या हातात बळ यायचं. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, तिळाची चटणी, सगळं ताजं. आणि पाहुण्याबरोबर त्याही नीट जेवायच्या.

हे अश्लेषानं हेरलं. "आई स्वतःसाठी शिजवतच नाही. तिला खाणारे मिळवून देऊ," ती म्हणाली.

त्यातून ‘शेजारताट’ निघालं. कॉलनीत जे एकटे राहतात, म्हातारे आहेत, ज्यांना रांधायला वेळ नाही, त्यांनी मोबाईलवर नाव लावायचं. जिला रांधायचंय तिनं आज काय केलं ते टाकायचं, आणि तेच आपणही खायचं. साखर नाही, मैदा नाही, तळण नाही. एक डबा गेला की पडद्यावरच्या झाडाला एक पान फुटायचं. एवढंच. मला तर वाटलं, एवढ्यासाठी कॉम्प्युटर शिकायला लागतं होय.

नवीन काही बनवलं की ती आधी माझ्या हातात द्यायची. मी सातवी शिकलेली. पुढचं जे काय आलं ते किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून. "आत्याला जमलं की साऱ्या मावल्याला जमलं," असं ती माझ्या तोंडावर म्हणायची.

"हे बटण काऊन गं?"

"डबा परत आला की दाबायचं. ‘आला’ किंवा ‘नाही आला’. नाहीतर डबे हरवतात आणि भांडणं होतात."

"भांडणं तर डबे असले तरी होतात."

ती हसली. मी ‘आला’ दाबलं, पडदा हिरवा झाला, आणि आम्ही दोघी चहा प्यायला उठलो.

वहिनी खरंच बदलल्या. सकाळी उठून पालेभाजी निवडायच्या. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले अमृतराव, बायको गेल्यापासून एकटेच, त्यांना पहिला डबा जायचा. मागच्या गल्लीतल्या तेलुगू म्हाताऱ्या जोडप्याला दुसरा. आणि प्रतिभाला. ती बाजारहत्नूरच्या शाळेत शिकवायची. पहाटे निघायची, उपाशी परतायची. झाडाला पानं फुटत होती. वहिनी स्वतः भाकर-भाजी जेवत होत्या. अश्लेषा रोज संध्याकाळी मोबाईल बघून म्हणायची, "बघ आई, तुझं झाड सगळ्यात दाट!"

पण आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आपण डोक्यावर पदर घेतो तसं ते हात आपोआप करतात. अमृतरावांना काही रांधता येत नसे, ते डब्यात मूठभर साखर घालून पाठवायचे. म्हाताऱ्या जोडप्याकडून अरिसेलू यायचे, तांदूळ-गुळाचे, तुपात तळलेले. आणि प्रतिभा तर अर्धा डबा भरून खीर आणायची, नाहीतर लाडू, नाहीतर पुरणपोळी.

अमृतरावांची साखर वहिनी चहात घालून संपवायच्या. "दुसऱ्याच्या घरची साखर फेकू कुठं?" अरिसेलू मी खाल्ले थोडे, पण माझे दात काही कामाचे नाहीत. प्रतिभाच्या डब्याचं मात्र निराळं होतं.

प्रतिभाची आई, चंपाबाई, आमच्या शेतात निंदायला यायची. माझी आई तिला चहा द्यायची तो मागच्या दारी, कान तुटलेल्या कपात. तो कप धुवायचाही चंपाबाईनंच. वहिनी तेव्हा नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या, त्यांना घरात आवाज नव्हता. चंपाबाईनं सणाला काही आणलं तर माझी आई गोड बोलून "उद्या खाते" म्हणायची आणि ते गायीपुढे जायचं. गायीलाही माहीत, चंपाबाईलाही माहीत.

प्रतिभा डबा द्यायला स्वतः यायची, तेव्हा अश्लेषा आतल्या खोलीत दार लावून मिटिंगमध्ये असायची. समोरच्या दारानं, खुर्चीवर बसायची. "काकू, चाखून सांगा न, कशी झाली?"

आता वहिनी काय म्हणतील? उद्या खाते? त्या चमचा घेऊन तिच्यासमोर खायच्या, डबा पुसून खायच्या. प्रतिभाचा चेहरा असा काही खुलायचा की मीही काही बोलू शकत नव्हते. ती गेल्यावर बोलायचे.

"वहिनी, साखर आहे तुमाले."

"चमचाभर तर खाल्लं गं."

"डबा पुसला तुमी."

"मंग? तिच्या घरचं तिच्यासमोर ठेवून देऊ? सासूबाईंसारखं?" आणि थोड्या वेळानं, "अन पोरगी सांगते ते सगळं करून राह्यले न मी? पाला खाते, भाकर खाते. ते झाड पाह्य किती हिरवं आहे."

बोटाला सुई टोचून साखर बघायचं यंत्र घरात होतं. ते कपाटात गेलं. झाड हिरवं असताना बोट कशाला टोचायचं? हैदराबादहून अश्लेषाच्या ऑफिसचे लोक आले, त्यांनी वहिनींना कॅमेऱ्यासमोर बसवलं. वहिनी नवी साडी नेसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीनं मला वाचवलं." तो व्हिडिओ पुष्कळ फिरला. भैंसा गावच्या नातेवाइकांचे फोन आले. त्यानंतर वहिनींना आजारी पडायची सोयच उरली नाही.

चपलेचा पट्टा अंगठ्याला लागला होता. त्यांनी हळद भरली आणि वर मोजे घातले. उन्हाळ्यात मोजे! मी विचारलं तर म्हणाल्या, फरशी गार लागते. मला कळलं ते वासानं. मोजा ओढला तेव्हा अंगठा काळा होता आणि काळेपणा वर सरकत होता.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासणीचा कागद पाहिला, मग वहिनींना पाहिलं. "मावशी, काय खाता तुम्ही?"

अश्लेषानंच मोबाईल पुढे केला. "सर, सगळी नोंद आहे. दोन्ही वेळचं. साखर शून्य."

"मी त्यांना विचारतोय."

वहिनी सांगू लागल्या. त्यांना वाटलं, मुलीची बाजू भक्कम होतेय. "सकाळी भाकर, पालेभाजी. दुपारी तेच, ताक. संध्याकाळी मुगाचं काही. अन मंग डब्यातलं."

"कोणत्या डब्यातलं?" अश्लेषानं विचारलं.

"परत आलेल्या."

"परत आलेल्या डब्यात काय असतं?"

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. पोरीला एवढं साधं माहीत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "अवो, रिकामा डबा कोणी देते का?"

अश्लेषानं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. डॉक्टर लिहीत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, उशीर करू नका, नाहीतर गुडघाही जाईल.

पाय गेला. वहिनी रडल्या नाहीत. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते, अमृतरावांचा डबा कोण देऊन राह्यलं.

अश्लेषा कित्येक दिवस कोणाशी बोलेना. मग एकदम कामाला बसली. आठवडाभरात अ‍ॅप नवं झालं. उघडलं की आधी लाल चौकट यायची: ‘डबा रिकामाच परत करा. आत काहीही घालू नका.’ ‘मान्य’ दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. आईचा फोटो आणि काय झालं तेही तिनं खाली लिहिलं, सगळ्यांना पटावं म्हणून.

सगळ्यांना पटलं. डबे घासून, पुसून, रिकामे आले. अमृतरावांनी डबा दारातच ठेवला आणि बेल न वाजवता गेले. म्हाताऱ्या जोडप्यानं सांगितलं की आता नको, मुलगा मेसचं लावून देतो. आणि कसे घेतील? नुसतं घेत राहायचं, द्यायचं काहीच नाही, ही भिकाऱ्याची रीत झाली. कॉलनीत कोणी असं बोललं नाही, पण नावं एकेक कमी झाली. प्रतिभा तर यायचीच बंद झाली. तिनं तो फोटो पाहिला होता. कोणाच्या खिरीनं काय झालं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मला तिच्या घरी ने भागू," वहिनी म्हणाल्या.

मी चाकाची खुर्ची ढकलत नेली. प्रतिभानं दार उघडलं आणि दारातच थांबली.

"या म्हणशील का नाही?" वहिनी म्हणाल्या.

"या न काकू." ती बाजूला झाली. आम्ही आत गेलो. तिनं पाणी दिलं, मग भिंतीला टेकून उभी राहिली. स्वयंपाकघरात काहीतरी शिजत होतं, वेलचीचा वास येत होता. तिनं आत जाऊन गॅस बंद केला आणि मधलं दार ओढून घेतलं.

"काय केलं गं?"

"काही नाही काकू. भात."

"भातात वेलची घालते का तू?"

प्रतिभाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मले माहीत होतं तुमाले साखर आहे," ती म्हणाली. "मले वाटलं, थोडं खाऊन ठेवून देतील. तुमी सगळं खायच्या. मी आपली खूश होऊन जास्त आणायची."

"तू खूश व्हायची म्हणून तर खायची मी."

गल्लीतून एक भाजीवाला ओरडत गेला. वहिनी म्हणाल्या, चल भागू, बसवत नाही. त्यांचा उरलेला पाय खुर्चीच्या फळीवरून घसरला होता. प्रतिभा खाली बसली आणि पाय उचलून नीट ठेवू लागली, तशी थांबली. तिनं टाच वळवून पाहिली.

"काकू, हे कधीपासून?"

मी वाकले. टाचेच्या कडेला काळा ठिपका होता, नाण्याएवढा. भोवती लाल कडा. वहिनींनी साडी ओढून घेतली.

"काही नाही. फळी घासते."

"अश्लेषाला फोन लावते," मी म्हणाले.

वहिनींनी माझं मनगट धरलं. पाय गेलेल्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "नको. तिचं ते मोबाईलवालं नुकतंच सुधरलं. परवा मोठे लोक येऊन राह्यले हैदराबादहून, ते पाहायला. तिले आता काही सांगू नको."

"वहिनी, वर सरकते ते. माहीत आहे न तुमाले?"

"माहीत आहे."

प्रतिभानंच माझा मोबाईल घेऊन फोन लावला. घंटी वाजली, मग कापला गेला. लगेच अश्लेषाचा मेसेज आला. मी चष्मा नव्हता आणला, प्रतिभानंच वाचून दाखवला: मिटिंगमध्ये आहे आत्या. आई जेवली का?

प्रतिभा माझ्याकडे बघत होती, काय लिहू म्हणून. मी वहिनींकडे पाहिलं.

"जेवली म्हण," वहिनी म्हणाल्या.