देव्हाऱ्यातली नखी

मी एक जुनी नखी आहे. मित्रांनो, बोटाचं नख नव्हे हं! तारेचं वाद्य छेडताना अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत जो चपटा, तिकोनी तुकडा धरतात ना, तो म्हणजे मी. शहरातली मुलं मला पिक म्हणतात. म्हणोत बापडी. मी ज्या घरात जन्मले तिथे मला नखीच म्हणतात आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म सिन्नरचा. टोमॅटो भरायचं एक प्लास्टिकचं कॅरेट बाजाराच्या खेपा करून करून तडकलं होतं. मल्हारीनं त्याचा तुकडा पत्र्याच्या कात्रीनं कापला आणि दारातल्या ओट्यावर घासायला घेतला. बाई गं, किती घासलं त्यानं मला! अंगाची सालटी निघाली. पण शेवटी मी इतकी पातळ झाले की बोटानं दाबलं की लवायची आणि सोडलं की सरळ व्हायची. "आत्ता कशी झाली!" मल्हारी म्हणाला, आणि त्यानं मला शर्टाच्या खिशात टाकलं.

मल्हारी दिवसा कंपनीत कामाला जायचा आणि लग्नसराईत बँजो पार्टीत वाजवायचा. आमचा बँजो म्हणजे बटणांचा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारांवर सपासप नखी मारायची, आणि टेम्पोवरच्या भोंग्यांतून सगळ्या गावाला ऐकू जायचं. मी लवचीक होते म्हणून मल्हारीचा हात कधी अडला नाही. नवरदेवाचे मित्र घामाघूम व्हायचे तरी ओरडायचे, "मल्हारीभाऊ, अजून एकदा!" तेव्हा माझा ऊर भरून यायचा. खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्वही चढला होता.

पुढे वरातीत डीजे आला. पार्टी मोडली. मल्हारीचा अंगठाही सांध्यात धरायला लागला. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं देवापुढे मांडतात तशी त्याच्या बायकोनं, नवसाबाईनं, मलाही मांडलं. हळद लावली, कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बाकीची अवजारं कामाला गेली. मला मात्र तिनं तिथेच ठेवलं. "हिच्या जिवावर घरावर पत्रे पडले," ती म्हणाली. "हिला आता देवाजवळच राहू द्या." तिची माया मला कळत होती. पण दर सणाला अंगावर तेलकुंकवाचा थर चढायचा आणि तारेचा स्पर्श काही व्हायचा नाही. मी आतल्या आत चरफडायचे.

मल्हारीची मुलगी हर्षाली. कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी एसटीनं नाशिकला जाऊन मॅन्डोलिन शिकली. नाशिकला शेखर सरांचा जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. त्यांचा मॅन्डोलिनवाला पुण्याला गेला आणि जागा रिकामी झाली. हर्षालीनं ठरवलं की ती जागा आपलीच. तिला दुसरं काही सुचेना. चाचणीच्या दिवशी ती निघाली तेव्हा नवसाबाईनं मला देव्हाऱ्यातून उचललं, पदरानं पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"ही घेऊन जा. तुझ्या आप्पाची हाय. देवाचा हात लागलाय तिला. बघ, कशी नाय जागा मिळत!"

माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं होतं!

आणि मित्रांनो, मी तोंडावर आपटले. मॅन्डोलिनच्या तारा जोडीजोडीनं असतात. लांब सूर काढायचा तर नखी त्या जोडीवर भराभर वरखाली थरथरवावी लागते, तेव्हा दोन तारांचा मिळून एक आवाज निघतो. मी पडले पातळ. एका तारेवर वाकायचे, दुसरीवर उशिरा पोहोचायचे. सुरापेक्षा माझी टपटपच जास्त, आणि चाचणीच्या खोलीतल्या माईकनं ती सगळी उचलली. वरातीच्या गोंगाटात जे खपलं ते त्या शांत खोलीत कसं खपावं?

शेखर सर म्हणाले, "बोटं छान आहेत तुमची. पण सूर फाटतोय. पुढच्या रविवारी परत ऐकतो. त्यानंतर मात्र मला कुणालातरी घ्यावंच लागेल."

हर्षाली रडली नाही. तिथून उठली ती थेट मेन रोडच्या वाद्यांच्या दुकानात गेली आणि निरनिराळ्या नख्या घेऊन आली. घरी दार लावून एकेक वाजवायला बसली. टोकदार नखी तारेला ओरबाडायची. मधल्या जाडीची जरा बरी होती. एक होती काळी, जाडजूड, गोल कडांची. तिला पाहून मला हसूच आलं, म्हटलं ही काय वाजणार! पण ती वाजली. दोन्ही तारा एका दमात बोलल्या. सूर असा भरून आला की बाहेर भांडी घासणारी नवसाबाई हात थांबवून ऐकत राहिली.

पोरीनं पुन्हा मला हातात घेतलं. पुन्हा टपटप. पुन्हा ती काळी. पुन्हा मी. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण तिच्या जिवावर आलं होतं ते. कामावरून आली की ती आळीपाळीनं दोघींना वाजवायची आणि हट्टानं मलाच सुधारू बघायची. हळू धरून पाहिलं, घट्ट धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं वेडे, सोड मला! माझ्यापायी हातची जागा घालवशील!

शनिवारी तिनं मन घट्ट केलं आणि आईसमोर बोललीच.

"आई, ही नखी मला नाही जमत. उद्या मी दुसरी नेणार आहे."

नवसाबाईचा चेहरा पडला. "आप्पाच्या नखीला नावं ठेवती? दुकानातल्या प्लास्टिकसाठी?"

"ही पण प्लास्टिकचीच आहे ना, आई."

"ही देवातली हाय!"

मल्हारी कॉटवर बसून ऐकत होता. हर्षाली त्याच्याकडे वळली. "आप्पा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. एकच गाणं मी दोन नख्यांनी वाजवते. कुठली आधी ते सांगणार नाही. तुम्ही म्हणाल ती उद्या नेईन."

मल्हारीनं पाठ फिरवली, डोळेही मिटले. हर्षालीनं आधी मला घेतलं. देवाशपथ सांगते, मी जीव तोडून वाजले. कुठेतरी वाटत होतं की माझा मालक माझा आवाज ओळखेल आणि मलाच निवडेल. मग ती काळी वाजली.

"दुसरी," मल्हारी म्हणाला.

"अहो, नीट ऐकलं का?" नवसाबाई म्हणाली.

"नीट ऐकलं. पहिली माझी होती. तिला मी झोपेत पण ओळखंन." त्यानं हात पुढे केला, मला मागून घेतलं आणि मुठीत धरलं. "लय कामाची हाय ही. पण माझ्या हाताची, माझ्या बँजोची. पोरी, तू तुझी घेऊन जा."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्याच्या मुठीत असताना मला असंही वाटलं, की माझ्या मालकानं खरं सांगितलं आणि माझी अब्रू राखली.

रविवारी मल्हारी लेकीबरोबर नाशिकला गेला आणि मी त्याच्या खिशात होते. हर्षालीनं तोच लांब सूर धरला. या वेळी टपटप नाही, ओरबाडणं नाही. शेखर सर खुर्चीत पुढे सरकले.

"नखी बदललीत?"

"हो सर."

"कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. त्यांचीच नखी बाजूला ठेवायला लावली."

सरांनी मल्हारीकडे पाहून नमस्कार केला. "मंगळवारपासून तालमीला पाठवा हिला," ते म्हणाले. मल्हारीनं खिशावर हात ठेवला आणि मला कापडावरूनच घट्ट दाबलं.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा, मला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. वाद्य हातात घ्याल तेव्हा नखी कुणाची, कुठून आली, हे पाहू नका. ती आपल्या तारांवर वाजवून बघा, दुसरी वाजवून बघा, आणि कान सांगेल तीच घ्या. वडीलधाऱ्यांची असेल आणि जमत नसेल, तर त्यांना तोंडावर सांगा. गप्प बसून बेसूर वाजवू नका. आम्हा जुन्या नख्यांना त्याचा राग येत नाही. त्या दिवशी मल्हारीच्या खिशात बसून मी तो सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, आणि तो माझा नव्हता म्हणून एकदाही कुरकुरले नाही.