मी 'सेट' : खोडून दाखवा!

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. जातीने क्रियापद, नावाने 'सेट'. माझ्याकडे कीव करण्याजोगा म्हातारा म्हणून पाहू नका. हजाराहून अधिक वर्षे जो माणसांच्या जिभेवर राहिला, त्याला कीव पचत नाही.

माझा जन्म बसण्यातून झाला. 'सिट' म्हणजे बसणे. दुसऱ्याला बसवतो तो मी. तुमच्या भाषेनेही बसण्यातून बसवणे घडवलेच ना? ज्या संस्कृत 'सद्' धातूतून तुमचे सदन आणि तुमची परिषद आली, तोही माझा दूरचा भाऊबंदच. तेव्हा मला उपरा म्हणण्याआधी जरा थांबा.

बसवता बसवता मी काय काय केले! अंगठीत खडा बसवला, निखळलेले हाड जागेवर आणले, घड्याळाचे काटे लावले, दमलेल्या सूर्याला क्षितिजाखाली नेले. जे पातळ होते, वाहून जाणार होते, त्याला घट्ट करून आकार दिला. मोठमोठ्या कोशांनी माझ्यासाठी पानेच्या पाने राखली.

मग छोट्या कोशांचे दिवस आले. शाळांसाठी इंग्रजी-मराठी कोश रचणाऱ्या एका खोलीत माझ्यावर घाला पडला. छतापर्यंत पुस्तकांच्या फळ्या, खिडकीशी लांब टेबल, त्यावर तपासायला आलेली, ओल्या शाईच्या वासाची मुद्रिते. कोशकार बाई अर्थ जमवीत. त्यांचे धाकटे दीर पाने आटोक्यात ठेवीत. खोलीतले सगळे मदतनीस या दिरांना 'कात्री' म्हणत.

"वहिनी, एका शब्दाला दोन पानं? जावई लागून गेला का हा?"

"जावई नाही भावोजी, घरातला थोरला आहे. चार कामं जास्त करतो, चार घास जास्त खाणारच. आणि तुमच्या प्रस्तावनेची चार पानं?"

"ती वेगळी गोष्ट. ती मी लिहिलीय!"

कात्रींनी माझे तीनच अर्थ ठेवले: ठेवणे, मावळणे आणि संच. त्यातला 'संच' तर माझ्या रक्ताचाही नाही. तो बहुधा लॅटिन घराण्यातला, नामसाधर्म्यामुळे माझ्याकडे राहिलेला. पाहुणा आत, घरची पोरे उघड्यावर!

"घट्ट होणे? मेला हा अर्थ. कोण बोलतं असं?" म्हणत त्यांनी लाल रेघ ओढली. मी त्या रेघेखाली धुमसत राहिलो.

पण त्या खोलीचा एक दंडक होता. पुस्तक छापायला जाण्याआधी खोडलेला अर्थ तिथल्या कुणाच्या तोंडून बोलण्याच्या ओघात निघाला, तर तो परत घ्यायचा. मुद्दाम उच्चारलेला चालत नसे. म्हणून बाईंना तो मुद्दाम बोलून दाखवता येईना, आणि पुस्तक छापायला जायची वेळ जवळ आली.

शेवटची मुद्रिते तपासायच्या दिवशी वरच्या फळीवरचा ग्रंथ काढताना बाई स्टुलावरून पडल्या. मनगट मोडले. दुपारी हाताला ओले, पांढरे प्लास्टर घालून त्या दवाखान्यातून थेट खोलीत आल्या आणि त्याच हाताने मुद्रिते ओढू लागल्या.

"वहिनी, हात टेकवू नका!" कात्री ओरडले. "प्लास्टर अजून सेट झालं नाहीये!"

सगळ्यांच्या माना कात्रींकडे वळल्या.

"काय म्हणालात, भावोजी?"

"कुठं काय!"

"सगळ्यांनी ऐकलंय."

"तुम्ही मुद्दाम पडलात!"

"हो तर. तुमच्या तोंडून एक अर्थ काढायला मनगट मोडून घेतलं."

हशा पिकला. कात्रींनी पुटपुटत स्वतःच्या हाताने मला तो अर्थ परत दिला, आणि जागा करण्यासाठी प्रस्तावनेतला आपल्याच कष्टांचा परिच्छेद उडवला. पुस्तक छापायला गेले. माझे हाड आणि माझा खडा मात्र बाहेरच राहिले.

राहू देत. मी कोशात जन्मलो नाही, कोशात मरणारही नाही. मित्रांनो, मला जपू नका. शब्द काही कपाटातली काचेची भांडी नव्हेत. मला वापरा: घाईत, रागात, काळजीने ओरडताना. तुमच्या भाषेतल्या जुन्या क्रियापदांनाही असेच राबवा. जो अर्थ मेला म्हणून कुणी सांगेल, तो तिथल्या तिथे बोलून दाखवा. उघड्यावरच्या माझ्या पोरांना घरात घ्यायला कोशाची परवानगी नको. तुमचे एक तोंड पुरे.