श्वास तुटतो तिथे

लांब्रिनीचे वडील फोतिस जाऊन वर्ष होत आलं होतं. पंधरा ऑगस्टच्या, चर्चच्या जत्रेत पोलिक्सेनीकाकू तिचा हात धरून तिला नाचाच्या रिंगणात नेणार, क्लॅरिनेटवर घराण्याची धून लागणार आणि सुतकाचे काळे कपडे सुटणार, अशी त्या ग्रीक गावची रीत. लांब्रिनीची ना नव्हती. फक्त धून बाबा वाजवत तशी हवी होती, अखंड.

ती धून खालच्या शाळेत रोज मोडत होती. शाळा पोरांअभावी कधीच बंद पडलेली; आता उन्हाळ्यात तिथे कॅनडाहून विद्यार्थी येत, इथली गाणी नि नाच शिकायला. लांब्रिनी त्यांचा स्वयंपाक करायची. रानभाजी भरून भाजायच्या 'पिता' नावाच्या पोळीसाठी पीठ लाटताना तिला खिडकीतून दिसायचं: सूर चढायचा, माथ्याशी पोचण्याआधीच तुटायचा, आणि सगळे एकदम श्वास घ्यायचे, फोतिससारखा डावा खांदा उचलून.

धडधाकट होता तोवर फोतिसने ही धून यंत्रापुढे वाजवली नाही. "ऐकायचीय तर लग्नाला या," म्हणायचा. शेवटच्या उन्हाळ्यात, फुप्फुसं गेल्यावर, कोण जाणे का, तयार झाला. मोबाइलवरचं तेवढंच चित्रण उरलं, आणि त्याचा शिष्य थिमिओस त्यावरूनच शिकवत होता.

जेवताना हायडी नावाची मुलगी म्हणाली, "लांब्रिनीताई, सगळं दुःख त्या थांब्यातच आहे ना?"

"तिथे त्यांना दम पुरत नव्हता."

"तेच म्हणतेय मी," हायडी डोळे पुसत म्हणाली, आणि तिने त्या पोळीचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

संध्याकाळी लांब्रिनीने थिमिओसला चौकातल्या चिनाराखाली गाठलं. "हे दुरुस्त कर. बाबा तिथे थांबत नसत."

"मला ठाऊक नाही होय? पण मास्तरांच्या शेजारी मी डफ बडवत होतो, बाई. ही धून त्यांनी कुणाला दिली?" त्याने त्सिपुरो दारूचा पेला तिच्यापुढे सरकवला. "तू जन्मभर ऐकलीस. गा. मी उतरवून घेतो."

"माझा गळा म्हणजे..."

"बोकडाचा असला तरी चालेल. वरचे सूर तेवढे दे."

लांब्रिनी गाऊ लागली. सूर चढला. माथ्याशी तिचा आवाज थांबला, खांदा वर गेला. तिने पुन्हा सुरुवात केली, डोळे मिटून, मावशीच्या लग्नातले बाबा आठवत: काळे केस, ओला शर्ट, फुगलेले गाल. गाल दिसत होते. आवाज येत नव्हता. आजारपणात ती त्यांच्या उशाशी इतकी बसली होती की आधीचं सगळं पुसून गेलं होतं.

"राहू दे," थिमिओस म्हणाला.

"मग जत्रेत वाजवू नकोस."

"दुसरी कुठली वाजवू? लोक हीच मागतील."

जत्रेत काकूने हात धरला. "चल गं. किती दिवस कावळ्यासारखी फिरणार?"

लांब्रिनी रिंगणात गेली, रीतीप्रमाणे सर्वांत पुढे. धून चढली, तुटली. गावातल्या पोरीसुद्धा आता तिथे पाय अधांतरी धरायला शिकल्या होत्या. लांब्रिनीचाही पाय आपसूक थांबला. बाबांच्या खोलीच्या दाराशी थांबायची तशी ती थांबली, पुढचा श्वास येतोय का ऐकत.

थिमिओसने श्वास घेतला, आणि रिंगण तिला घेऊन पुढे सरकलं.