तेरा मार्च

तिने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर रोजचा प्रश्न उमटला: आजची तारीख? बोटं आपसूक तेरा टाकायला निघाली आणि मध्येच थांबली.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या कारखान्यात ऑगस्ट उजाडला, तरी ऑफिसात तेरा मार्चच होता. ऑर्डरी छापायचा प्रोग्राम फुकट वापरायची मुदत मार्चातच संपत होती. विकत घ्यायचं म्हटलं की मालक हात आखडता घ्यायचे. तेव्हा हिनेच शक्कल काढली. यंत्राला स्वतःचं घड्याळ नाही, सकाळी आपण सांगू ती त्याची तारीख. मग रोज तेराच सांगू की! मालकांनी केवढी वाहवा केली. कोणी चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पानसुद्धा उलटू दिलं नाही. ऑर्डरीवर खरी तारीख ती रबरी शिक्क्याने मारायची.

पण शहाणपण अंगाशी आलं. एकदा जरी खरी तारीख पडली, की प्रोग्राम कायमचा बंद. त्यामुळे त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नव्हती आणि हिला उठायची. तापातही ती येऊन बसली होती.

आता धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते. आई नाही, नवरा बोटीवर. काल फोनवर ती फार बोललीही नाही.

"ताई, येशील ना गं?"

आठवडाभराची रजा मागितली, तर मालक गोड हसले. बाळंतपणं काय, होतच असतात, म्हणाले.

"हे लचांड तूच लावलंस ना? मग आता तूच निस्तर."

तिला चीड आली. मालकांची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची.

आज नक्की तारीख काय, हे तिला चटकन आठवेना. खणातून तिने शिक्का काढला, कालच्या तारखेचं चाक एक घर पुढे सरकवलं आणि तळहातावर दाबला. मग हाताकडे बघत एकेक आकडा टाकला. यंत्राने मुकाट्याने मान्य केलं. प्रोग्राम उघडायला गेली, तर मुदत संपल्याची एक ओळ आली, बस.

पर्स घेऊन ती निघाली, तोच मालक दारात.

"काय गं, काही बिघडलं का?"

"नाही साहेब. आज सात ऑगस्ट आहे."

मालकांनी सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.